फ्रेंच व्याकरणाचे प्रश्न आणि मराठीची वाट

मोलिएरचे ‘ले फाम सावांत’ म्हणजे ‘विदुषी स्त्रिया’ हे नाटक १६७२ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आले. त्यात मार्तीन नावाची एक स्वयंपाकीण आहे. मालकीणबाई तिला तडकाफडकी कामावरून काढून टाकतात. भोळ्या मालकाला वाटते, हिने आरसा फोडला असेल किंवा चांदीचे एखादे भांडे हिच्या हलगर्जीपणाने चोरीस गेले असेल. गुन्हा निराळाच निघतो. वोझ्ला या पंडिताने घालून दिलेले भाषेचे नियम ती वारंवार मोडते, हा तो गुन्हा! वोझ्लाचा फ्रेंच भाषेवरील टिपणांचा ग्रंथ १६४७ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि पंचवीस वर्षांत त्याचा धाक स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला होता. ‘व्याकरण’ आणि ‘आजी’ या अर्थांचे फ्रेंच शब्द त्या काळी जवळजवळ सारखेच उच्चारले जात. व्याकरणाचा अपमान केल्याचा आरोप ऐकून मार्तीन विचारते, की आजीबाईंचा अपमान करण्याचे इथे कोणाच्या मनात आहे?

हरिभाऊ आपट्यांच्या ‘मारून मुटकून वैद्यबुवा’मुळे आणि आचार्य अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे मोलिएर मराठी रसिकाला परका नाही. पण या नाटकातले हसू जरा निराळ्या जातीचे आहे. मोलिएर व्याकरणाला हसत नाही, व्याकरणाची काठी करणाऱ्यांना हसतो. ही काठी आजही अनेक वर्गांत उगारलेली दिसते. फ्रेंच शिकणारा कोणताही प्रौढ विद्यार्थी पहिल्या वर्षभरात ठरावीक सात-आठ प्रश्न विचारतो. मेज स्त्रीलिंगी का? भूतकाळाचे इतके प्रकार कशासाठी? कृदन्त कधी बदलते आणि कधी का बदलत नाही? ‘आशा’ या क्रियापदानंतर एक रूप आणि ‘इच्छा’ या क्रियापदानंतर दुसरे, हा भेद कशामुळे? ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर त्याच्या पदरी पडते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हे प्रश्न बाळबोध नाहीत. ते साहित्याच्या मर्माशी जाऊन भिडणारे आहेत. शिवाय त्यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून असतात, फक्त ती त्याला कोणी दाखवून देत नाही.

नियमांविषयी फ्रेंच लोक स्वतः किती साशंक राहिले आहेत, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंच अकादमी १६३५ मध्ये स्थापन झाली. शब्दकोश आणि व्याकरण सिद्ध करणे ही तिच्या सनदेतच नमूद झालेली कामे होती. शब्दकोशाची पहिली आवृत्ती १६९४ मध्ये निघाली. व्याकरण मात्र अवतरले ते १९३२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी! ते निघताच भाषेतिहासकार फेर्दिनाँ ब्रुनो यांनी त्याच वर्षी त्यातील दोषांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत काम केले आहे, त्यामुळे विलंबाचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. परंतु ज्या नियमावलीला तीन शतके लागली आणि जी निघाल्या निघाल्या वादात सापडली, तिच्या नावाने विद्यार्थ्याला दटावणे शोभत नाही, एवढे मात्र खास.

आपल्याकडील शिकणाऱ्याची अडचण दुहेरी आहे. त्याच्या हाती पडणारी पुस्तके बहुधा इंग्रजी जाणणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. त्यामुळे इंग्रजी माणसाला जे अवघड वाटते ते मराठी माणसालाही अवघड वाटलेच पाहिजे, असे गृहीत धरले जाते. दहा वर्षांपासून चालू असलेली गोष्ट फ्रेंचमध्ये वर्तमानकाळात सांगतात, हे समजावण्यासाठी अशी पुस्तके पानभर जागा खर्च करतात, कारण इंग्रजीत तिथे पूर्ण वर्तमानाचे लांबलचक रूप लागते. ‘मी दहा वर्षांपासून ग्वाल्हेरात राहतो’ असे म्हणणाऱ्याला यात समजावण्यासारखे काय आहे? ‘स लिव्र म प्ले’ या वाक्यात पुस्तक कर्ता होते आणि माणूस चतुर्थीत जातो, म्हणून इंग्रज विद्यार्थी गोंधळतो. आपण हे वाक्य मराठीत मांडले तर ‘हे पुस्तक मला आवडते’ असे होते. शब्दास शब्द, आणि क्रमही तोच. एखादी गोष्ट माहीत असणे आणि एखाद्या व्यक्तीला ओळखणे यांसाठी फ्रेंचमध्ये दोन क्रियापदे आहेत. मराठीतही ती दोनच आहेत.

यातले सर्वांत सुंदर उदाहरण विध्यर्थाचे आहे. फ्रेंचमधील ‘स्युबझोंक्तिफ’ या रूपाचा विद्यार्थ्यांना मोठा धसका असतो. ‘एस्पेरे’, म्हणजे आशा करणे, या क्रियापदापुढील होकारार्थी वाक्यात निश्चयार्थी रूप येते, बहुधा भविष्यकाळाचे. ‘स्वेते’, म्हणजे इच्छा करणे, यापुढे मात्र विध्यर्थी रूप आलेच पाहिजे. दोन्ही क्रियापदे मनाचीच असताना हा भेद का, हा वर्गावर्गांतून विचारला जाणारा प्रश्न आहे. आता मराठीकडे वळू. ‘तो येईल अशी आशा आहे’ असे आपण म्हणतो. ‘त्याने यावे अशी इच्छा आहे’ असेही म्हणतो. ‘त्याने यावे अशी आशा आहे’ हे कानाला खटकते. आशेची नजर पुढे घडणाऱ्या गोष्टीवर असते, म्हणून ती भविष्यकाळ मागते. इच्छेची नजर आपल्या मनातील चित्रावर असते, ते घडेलच असे नाही, म्हणून ती विध्यर्थ मागते. ही जाण कोणत्याही पुस्तकाने आपल्याला दिलेली नाही, ती आईच्या बोलण्यातून आली आहे. ‘प्रस्तुत करें’, ‘अवगत कराएँ’ अशा टिपण्या लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्या आम्हा हिंदी मुलखातील कर्मचाऱ्यांना तर क्रियेचे हे न घडलेले, केवळ अपेक्षिलेले रूप रोजच्या व्यवहाराचे आहे.

कृदन्ताच्या प्रश्नाची गोष्ट अशीच आहे, पण तिला एक वळण आहे. ‘झे एक्री ला लेत्र’ म्हणजे ‘मी चिठ्ठी लिहिली’. इथे ‘एक्री’ बदलत नाही. ‘ला लेत्र क झे एक्रीत’ म्हणजे ‘मी लिहिलेली चिठ्ठी’. इथे कर्म आधी आले, म्हणून कृदन्त स्त्रीलिंगी झाले आणि शेवटचा ‘त’ ऐकू येऊ लागला. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देत चक्क पद्यात सांगितला. तेव्हापासून शाळकरी पोरे तो घोकत आहेत. १९०१ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी परीक्षेत यासंबंधी काही सवलत देणारा आदेश काढला. २०१८ मध्ये बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनी हा मेळ काढूनच टाकावा असे जाहीरपणे सुचवले, तेव्हा केवढे वादळ उठले! मराठी माणसाला क्रियेने कर्माचे लिंग धारण करणे मुळीच नवे नाही. ‘मी लेख लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिले’ हा आपला कर्मणी प्रयोग आहे. उलट ‘ती गेली’ म्हणताना क्रिया कर्त्याच्या मागे जाते. फ्रेंचमध्येही ‘जाणे’ या अर्थाचे क्रियापद ‘असणे’ हे साहाय्यक घेते आणि कर्त्याचे लिंग धारण करते. ‘ती जिना चढून वर गेली’ आणि ‘तिने पेटी वर चढवली’ यांत मराठी जो फरक करते, तोच फ्रेंच साहाय्यक क्रियापद बदलून करते. हे साम्य शेवटपर्यंत टिकत नाही. ‘ती झोपली’ या ठिकाणी मराठीत कर्तरी प्रयोग असला तरी फ्रेंच ‘असणे’ न घेता ‘जवळ असणे’ हे साहाय्यक घेते. तरीही निम्मी वाट आपल्या पायाखालची आहे, ही काही थोडी गोष्ट नव्हे.

आता जिथे मराठी मदत करीत नाही, तेही सांगितले पाहिजे. फ्रेंच नामापुढील उपपदे आणि ‘थोडासा पाव’, ‘थोडे पाणी’ यांसाठी येणारे अंशवाचक उपपद यांना आपल्याकडे जोड नाही. तिथे कान तयार होईपर्यंत वाचत राहणे, एवढाच उपाय आहे. लिंगाच्या बाबतीत आपली स्थिती विचित्र आहे. निर्जीव वस्तूला लिंग असते याचे मराठी माणसाला नवल वाटत नाही. मेज स्त्रीलिंगी ‘का’, असे तो विचारत नाही, ‘कोणते’ लिंग एवढेच विचारतो. परंतु आपल्याकडे तीन लिंगे आणि तिकडे दोन. लॅटिनमधील नपुंसकलिंग फ्रेंचपर्यंत येता येता लोपले आणि त्यातील बरीचशी नामे पुल्लिंगात सामावली. हिंदीनेही दोनच लिंगे ठेवली आहेत. ग्वाल्हेर, इंदूरकडील आम्हा मराठी लोकांना या ओढाताणीची कल्पना आहे. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी, ‘आत्मा’ हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत पुल्लिंगी. तोच शब्द उंबरठा ओलांडला की लिंग बदलतो.

या लिंगभेदाने कवितेचे काय होते, हे बोदलेर दाखवतो. ‘ले फ्लर द्यु माल’ हा त्याचा संग्रह १८५७ मध्ये निघाला. त्यात चंद्राच्या उदासीवर एक सुनीत आहे. फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आहे. म्हणून तिथे तो उशांवर रेलून स्वप्ने पाहणारी आळसावलेली सुंदरी होतो, आणि या प्रतिमेवर अख्खे सुनीत उभे आहे. मराठीत ‘चंद्र’ म्हटले की प्रतिमाच कोलमडते. अनुवादकाने ‘चंद्रकोर’ हा शब्द योजला तर ती तगेल, पण आकार बदलेल. तिथे निर्णय घ्यावा लागतो, आणि मूळ शब्दाचे लिंग काय हा वर्गातला प्राथमिक प्रश्न ज्याने स्वतःला विचारलेला नाही, त्याला निर्णय घेण्याची वेळ आली आहे हेच कळत नाही. इंग्रजीत चंद्राला व्याकरणिक लिंग नाही. इंग्रजीतून येणाऱ्याला ही सुंदरी केवळ एक उपमा वाटते, तिच्यामागे भाषेने चालवलेली शतकांची वहिवाट आहे हे दिसत नाही.

काळांचा प्रश्न तर थेट गद्यकलेच्या गाभ्यात नेतो. ‘अँपारफे’ की ‘पासे सँप्ल’, म्हणजे अपूर्ण भूतकाळ की साधा भूतकाळ, हा प्रश्न विद्यार्थी चाचणीत गुण मिळवण्यासाठी विचारतो. मार्सेल प्रूस्तने १९२० च्या जानेवारीत फ्लोबेरच्या शैलीवर जो लेख लिहिला, त्याचा विषय नेमका हाच होता. समीक्षक तिबोदे यांच्याशी वाद घालताना प्रूस्तने म्हटले, की क्रियापदांचे काळ, काही सर्वनामे आणि शब्दयोगी अव्यये यांच्या नव्या वापराने फ्लोबेरने जगाकडे पाहण्याची दृष्टी पालटली, आणि हा पालट कांटने तत्त्वज्ञानात घडवलेल्या पालटाच्या तोडीचा आहे. व्याकरणाचा एवढा सन्मान दुसऱ्या कोणा कादंबरीकाराने केला असेल असे वाटत नाही. फ्लोबेरचा अपूर्ण भूतकाळ एकाच रूपात तीन कामे करतो. तो सवय सांगतो, चालू असलेली क्रिया सांगतो आणि देखावाही रंगवतो. मराठीत या तिन्हींसाठी निराळी रूपे आहेत. ‘ती खिडकीशी बसे’, ‘ती खिडकीशी बसली होती’, ‘ती खिडकीशी बसून राहत असे’. आपला जुना रीतिभूतकाळ, ‘येई, बसे, बोले’, हा फ्लोबेरच्या कंटाळलेल्या दुपारींसाठी जणू राखून ठेवलेला आहे. इंग्रजीत हा भेद पुष्कळदा साध्या भूतकाळात विरघळून जातो, आणि तिथून मराठीत आलेली एमा रोज रोज ‘बसे’ असे न होता एकदाच ‘बसली’ असे होऊन बसते. कादंबरीचा विषय असलेला कंटाळाच नाहीसा होतो!

याच काळाने फ्लोबेरला न्यायालयातही खेचले. ‘मादाम बोव्हारी’वर १८५७ च्या आरंभी खटला झाला. एमाच्या मनातील विचार ‘तिला वाटले’ असे न म्हणता लेखकाच्याच निवेदनात, तृतीय पुरुषात आणि अपूर्ण भूतकाळात येतात. सरकारी वकील पिनार यांनी असे उतारे लेखकाची स्वतःची मते म्हणून वाचले. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात या गैरसमजाकडे लक्ष वेधले आहे. फ्लोबेर निर्दोष सुटला. त्याच वर्षी त्याच वकिलाने बोदलेरवर खटला भरला, तेव्हा मात्र दंड झाला आणि सहा कविता काढून टाकाव्या लागल्या. परोक्ष कथनात काळ कसा बदलतो, हा व्याकरणाच्या धड्यातील प्रश्न तुरुंगाच्या दारापर्यंत नेणारा ठरू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

‘कोणीही बोलत नाही तर मग पासे सँप्ल शिकवता कशाला?’ हा आणखी एक नेहमीचा प्रश्न आहे. एमील बँव्हनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये त्याचे उत्तर दिले. साधा भूतकाळ हा इतिहासकथनाचा काळ आहे, बोलणाऱ्या ‘मी’पासून तुटलेला. संयुक्त भूतकाळ, ‘पासे कोंपोझे’, हा संवादाचा काळ आहे. कादंबरी पहिल्यात लिहायची हा शिरस्ता होता. आल्बेर काम्यूने १९४२ च्या ‘लेत्रांजे’मध्ये तो मोडला आणि आपल्या नायकाला सारे काही संयुक्त भूतकाळात सांगायला लावले. सार्त्रने पुढल्याच वर्षी दाखवून दिले, की त्यामुळे प्रत्येक वाक्य शेजारच्या वाक्यापासून तुटून बेटासारखे सुटे उभे राहते. कारण आणि कार्य यांची साखळी उरत नाही, आणि नायकाचे परकेपण त्यातून जन्मते.

हे मराठीत कसे आणावे? आपल्याकडे केवळ लेखी असा भूतकाळ नाही. पण छापील ‘लिहिले, गेले, असे’ आणि बोलीतील ‘लिहिलं, गेलं, असं’ यांतील अंतर प्रत्येक मराठी वाचकाला पहिल्या ओळीत जाणवते. एका मात्रेच्या जागी आलेला अनुस्वार निवेदकाला व्यासपीठावरून खाली उतरवतो. काम्यूच्या नायकाने मराठीत ‘लिहिलं’ म्हटले पाहिजे, ‘लिहिले’ नव्हे. काळाचे काम आपल्याकडे अनुस्वार करू शकतो. ही सोय इंग्रजीत नाही, आणि इंग्रजी प्रत समोर ठेवून अनुवाद करणाऱ्याला तिची गरज आहे हेही समजणार नाही.

शेवटचा प्रश्न सर्वनामाचा, ‘त्यु’ की ‘वू’. मराठी माणसाला याचे उत्तर जन्मजात ठाऊक असते, नव्हे, आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. रासीनच्या १६७७ मधील ‘फेद्र’ या शोकांतिकेत राणी आपल्या सावत्र मुलाशी अदबीने बोलत असते. मनातील पाप ओठांवर येते त्या क्षणी ती ‘वू’वरून ‘त्यु’वर येते. कबुलीच्या सर्व शब्दांआधी त्या सर्वनामाने कबुली दिलेली असते. ‘मादाम बोव्हारी’त उलटा प्रवास आहे. रोदोल्फ आणि एमा जवळ येतात तेव्हा ‘तू’ म्हणू लागतात. तिला सोडून जाताना लिहिलेल्या पत्रात रोदोल्फ पुन्हा ‘तुम्ही’वर जातो. पत्रातले अश्रू खोटे आहेत, पण ते ‘तुम्ही’ अगदी खरे आहे. आधुनिक इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने हा विश्वासघात वाचकाला ऐकूच येत नाही. मराठीत तो पहिल्याच वाक्यात ऐकू यावा. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, फ्रान्सच्या सरकारी कचेऱ्यांतून सर्वांनी एकमेकांना ‘तू’च म्हणावे असा फतवा निघाला होता. तो फार काळ टिकला नाही. हुकमाने सर्वनाम बदलते, नाते बदलत नाही.

फ्रेंच साहित्य मराठीत पुष्कळ आले, आणि त्यातले बरेच इंग्रजीच्या खांद्यावर बसून आले, या वस्तुस्थितीला माझा मुख्य आक्षेप आहे. ज्यांनी ती वाट चोखाळली त्यांचे ऋण मोठे आहे, कारण त्यांच्याशिवाय आपल्याला काहीच मिळाले नसते. तरीही हिशेब मांडला पाहिजे. लिंग, सर्वनामाची अदब, रीतिभूतकाळ, विध्यर्थ, हे सारे मूळ फ्रेंचमध्ये आहे, मराठीतही आहे, आणि मधल्या मुक्कामावर गळून पडते. दोन्ही काठांवर असलेला माल केवळ होडी लहान म्हणून बुडावा, असा हा प्रकार आहे. यावर उपाय अनुवादकाच्या प्रतिभेत शोधण्याआधी वर्गातल्या त्या सात-आठ प्रश्नांत शोधला पाहिजे. फ्रेंच व्याकरण मराठीतून, मराठीशी ताडून समजावणारी छोटीशी पुस्तिका पंडिती ग्रंथापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

या गोष्टीला आपल्या मंडळाच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून मराठी ही आता पुष्कळ मुलांसाठी शिकण्याची भाषा झाली आहे. ‘माझी पुस्तक’ म्हणणारे नातवंड नपुंसकलिंग म्हणजे काय, असे विचारते, तेव्हा ते पॅरिसच्या भाषेशी झगडणाऱ्या विद्यार्थ्याचाच प्रश्न विचारत असते. त्याला हसून किंवा दटावून आपण गप्प करतो. त्याऐवजी हिंदीत पुस्तक ‘ती’ आणि मराठीत ‘ते’ कसे, ‘आशा’ म्हटले की ‘येईल’ आणि ‘इच्छा’ म्हटले की ‘यावे’ का, हे त्याला त्याच्या ओळखीच्या भाषेवरून दाखवता येईल. त्रैमासिक सभेतला अर्धा तास जर अशा प्रश्नांसाठी राखून ठेवला, मुलांना प्रश्न आणायला सांगितले आणि थोरांनी ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर वर्ज्य मानले, तर फ्रेंचचे माहीत नाही, पण मराठीचे नक्कीच भले होईल.